दुधाची चरवी आणि वेबरसाहेबांची नाव

श्री. कुर्ट वेबर यांना मी पहिल्यांदा पाहिलं ते साताऱ्यात, आणि तेव्हा ते पाण्याशिवाय नाव चालवत होते.

दुसऱ्या लढाईचे दिवस होते. सरकारनं हिंदुस्थानातल्या जर्मन लोकांना ठिकठिकाणी आणून ठेवलं होतं, त्यांतले काही साताऱ्यात होते. तुरुंग नव्हता तो. बंगल्यांत राहायचं, ठरलेल्या हद्दीत फिरायचं आणि रोज हजेरी द्यायची. माझे मामा साताऱ्याला डॉक्टर. त्या मंडळींत कुणाला ताप आला की मामांना बोलावणं यायचं. मी पाचगणीच्या इंग्रजी शाळेतून सुट्टीला आलो होतो आणि एका सकाळी सहज त्यांच्याबरोबर गेलो. बघतो तर एका बंगल्याच्या व्हरांड्यात एक उंच गृहस्थ उघड्या अंगानं लाकडी फळीवर बसलेत. पाय समोर दोरीच्या फासात अडकवलेले, हातात लांब बांबू, बांबू मधेच खांबाला बांधलेला. पुढं वाकायचे, मग सगळं अंग मागं टाकून बांबू ओढायचे, परत पुढं वाकायचे. घाम नुसता निथळत होता. फाटकाबाहेर बाजाराला निघालेली माणसं थांबून बघत होती.

"निघालाय कुठं ह्यो साहेब?" एकानं विचारलं.

"जर्मनीला," दुसरा म्हणाला. "कवा पोचतोय बघू."

मी पुढं झालो आणि शाळेत पाठ केलेलं सगळ्यांत चांगलं इंग्रजी बाहेर काढलं. साहेबांनी बांबू खाली ठेवला, पंच्यानं तोंड पुसलं आणि मराठीत म्हणाले, "इंग्रजी नगं. इंग्रजीनंच मला हितं बसवलंय. मराठी बोल."

आता आली पंचाईत. आमच्या शाळेत मराठी बोललं की बाकावर उभं करायचे. मला मराठी येत होतं ते जेवायला मागण्यापुरतं. साहेबांनी मात्र लढाईच्या आधी दहा-बारा वर्षं कृष्णाकाठी काढलेली. उसाला पाणी उपसायची तेलाची इंजिनं बसवायला ते कऱ्हाडपासून सांगलीपर्यंत गावोगाव हिंडले होते, आणि जिथं इंजिन बसवलं तिथली भाषा उचलली होती. त्यामुळं आमचं बोलणं सुरू झालं ते मोडक्या मराठीत, आणि त्यांच्यापेक्षा माझं जास्त मोडकं होतं. आज मी हा लेख मराठीत लिहितोय. साहेबांच्या गौरवग्रंथाच्या समितीनं मला "तुझ्या भाषेत लिही" असं सांगितलं, तेव्हा मी मनात म्हटलं, ही भाषा मला दिली कुणी? एका जर्मन माणसानं. गौरवाला सुरुवात करायला मला तरी एवढं कारण पुरे आहे.

साहेबांना यंदा साठ वर्षं पूर्ण होतायत. आपल्या नौका मंडळातल्या नव्या पोरांना ते म्हणजे नदीवर शिट्टी फुंकणारे म्हातारे एवढंच माहीत असतं, म्हणून त्यांच्याबद्दल थोडं सांगतो. हे सगळं मी त्यांच्याच तोंडून ऐकलंय, आणि ते स्वतःबद्दल बोलताना नेहमी कमी सांगतात, हे लक्षात ठेवून वाचा.

त्यांचं गाव जर्मनीत नेकार नावाच्या नदीवर. वडील पाव भाजायचे. सकाळी पावाची टोपली नावेत घालून पलीकडच्या काठाला द्यायची, हे कुर्ट नावाच्या पोराचं काम. गावात श्रीमंतांचा नौकेचा क्लब होता, त्यात हातानं काम करणाऱ्याला घेत नसत. ज्याच्या हातांना कामानं घट्टे पडलेत तो वल्हं मारायला लायक नाही, असला तो नियम. साहेब हे सांगताना अजूनही हसतात. मग कामगार पोरांनी आपली वेगळी टोळी काढली, एक जुनी नाव डागडुजी करून घेतली आणि दहा वर्षांच्या आत ह्या पाववाल्याच्या पोराची आठ जणांची नाव देशातल्या मोठ्या शर्यतीत उतरली.

त्यांनी जिंकलेल्या शर्यतीही बऱ्याच आहेत. पण विचाराल तर साहेब सांगतात ती हरलेली. शेवटच्या टप्प्यात त्यांची नाव पुढं होती. किनाऱ्यावर लोक ओरडत होते, आणि साहेबांच्या पुढं बसलेल्या गड्यानं फक्त एकदा, क्षणभर, बाजूला मान वळवून बघितलं की दुसरी नाव कुठं आहे. तेवढ्यात त्याचं वल्हं अर्धा श्वास उशिरा पडलं. हातभर अंतरानं दुसरे आले. तो गडी काठावर बसून रडला. साहेबांनी त्याच्याशेजारी बसून पावाचा तुकडा मोडून दिला. पुढं पहिली लढाई आली आणि त्या आठांतले निम्मे परत आले नाहीत, त्यांत तोही होता. "मी त्याला त्या दिवशी काय बोललो न्हाई, ते लय बरं झालं," एवढंच साहेब म्हणतात, आणि विषय बदलतात.

आम्हाला नदीवर ते वाटेल तसं बोलतात. शर्यत हरल्यावर मात्र एका शब्दानं बोलत नाहीत. त्याचं कारण आता तुम्हाला कळलं असेल.

लढाई संपत आली तेव्हा आमच्या गावच्या दादा पाटलांनी साताऱ्याला जाऊन साहेबांसाठी जामीन दिला. गाव पलूसपासून फार लांब नाही, अगदी कृष्णेच्या काठावर. दादांच्या मळ्यावरचं इंजिन साहेबांनीच बसवलेलं, आणि ते गेल्यापासून त्याला कुणी नीट हात लावला नव्हता. दादा कचेरीत म्हणाले की उसाला पाणी पाहिजे असेल तर हा माणूस पाहिजे. सरकारलाही साखर-गूळ पाहिजे होता. साहेब आले. बरोबर एक पत्र्याची ट्रंक, काथ्याच्या जाड दोरानं बांधलेली.

ती ट्रंक त्यांनी कधी उघडली नाही. म्हणजे रात्रीला लागणारे कपडे वरच्या फटीतून ओढून काढायचे, पण दोर सोडायचा नाही. मळ्यावरच्या त्यांच्या खोलीत दाराशेजारी ती तशीच उभी. गाठ अशी अवघड की बापूमामांनी एकदा हौसेनं सोडवायला घेतली आणि दोन्ही हातांची नखं दुखवून परत आले. बापूमामा म्हणजे आमच्या गावचे नावाडी. सात पिढ्यांची नाव त्यांच्याकडं. दोराच्या गाठी हा त्यांच्या अभिमानाचा विषय, त्यामुळं हे त्यांना फार लागलं. "ट्रंक का सोडत न्हाई साहेब?" त्यांनी विचारलं. साहेब म्हणाले, "कवा उठवत्याल सांगता येत न्हाई. बांधलेली बरी."

तेव्हा सरकारचं ठरलं होतं की जर्मन लोकांना बोटीत बसवून परत पाठवायचं. ज्याची चौकशी नीट होईल त्यालाच राहू देणार. साहेबांना इथं राहायचं होतं. त्यांच्या गावावर बाँब पडले होते. भावाचं एक पत्र आलं होतं की नदीवरचं नौकाघर राहिलं नाही आणि मीही आता दुसऱ्या गावी जातोय. लग्न त्यांनी केलेलं नव्हतं. म्हणजे परत जायचं ते एका नावापुरत्या गावाला.

हे सगळं डोक्यावर असताना माणूस काय करेल? साहेबांनी नावाडीपण केलं.

झालं असं की पावसाळ्याच्या तोंडाला बापूमामा घसरून पडले आणि त्यांचा उजवा हात मोडला. गावाची नाव बंद पडली तर पलीकडच्या मळ्यांत जायचं कसं? शिवाय सुगीला प्रत्येक घरातून नावाड्याला धान्य मिळतं ते नाव चालवल्याबद्दल. नाव बंद तर घरात धान्य नाही. साहेबांनी कुणाला न विचारता वल्हं हातात घेतलं. बापूमामा हात गळ्यात बांधून नावेच्या टोकाला बसायचे आणि तिथून साहेबांना शिकवायचे. आता बापूमामांची शिकवायची पद्धत आपल्याला माहीत आहे. एका वाक्यात एक सूचना आणि तीन शिव्या. साहेबांनी सूचनाही घेतल्या आणि शिव्याही घेतल्या. सुगीला धान्य घेऊन लोक साहेबांकडं आले तर साहेबांनी पायली न पायली बापूमामांच्या दारात उतरवायला लावली. गोदामावशी, म्हणजे बापूमामांच्या घरच्या, म्हणाल्या की अर्धं तरी ठेवा. साहेब म्हणाले, "भाकरी तुमच्याकडंच खातोय न्हवं? मग धान्य ठिवू कुठं?"

त्या हंगामातच त्यांच्या डोक्यात आमची टोळी आली. सांगलीला श्रावणात कृष्णेवर होड्यांच्या शर्यती होतात, तिथं आमच्या गावचं नाव कधी नव्हतं. साहेबांनी आठ पोरं निवडली. मी तेव्हा सांगलीला कॉलेजात होतो, सुट्टीला गावी यायचो. वकिलाचा पोरगा म्हणून मला आधी सगळे हसले, पण साहेबांनी मला चौथ्या जागेवर बसवलं. लांब वल्ही करून घ्यायला ते उंब्रजला उस्मानभाई मिस्त्रींकडं गेले. उस्मानभाईंनी माप ऐकलं आणि विचारलं, "नाव चालवायची हाय का विहीर मोजायची?" पण वल्ही अशी केली की आजही तीच चालतायत.

पहिलं भांडण बसण्यावरून झालं. आपल्याकडं वल्हं मारणारा तोंड पुढं करून बसतो. साहेबांनी सगळ्यांना पाठमोरं बसवलं. बापूमामांना हे काही केल्या पटेना. ते म्हणाले, "आवं साहेब, कृष्णामाईत असं पाठमोरं जायचं? जातोय कुठं ते दिसाया नगं?"

"तुला दिसतंय न्हवं? तू सुकाणू धर. एकानं बघायचं, आठांनी वडायचं."

नऊ माणसांत बघणारे आपण एकटेच असणार म्हटल्यावर मामांची हरकत तिथंच संपली.

आता चरवीचं सांगतो, कारण साहेबांची सगळी विद्या त्या एका चरवीत आहे. पलीकडच्या मळ्यांचं दूध पहाटे अलीकडं आणायचं आणि तिथून स्टेशनवर, सांगलीच्या गाडीला द्यायचं, हे काम गोदामावशी बघायच्या. साहेबांनी ते आमच्या गळ्यात घातलं. पहाटे शिट्टी झाली की आम्ही जायचं, पलीकडून दूध घेऊन यायचं. बाकीच्या किटल्या झाकलेल्या. एक चरवी मात्र काठोकाठ भरून, उघडी, नावेच्या बरोबर मधे. आठही वल्ही एकदम पडली आणि एकदम उठली तर नाव सरळ सरकते, दूध हलत नाही. एकाचं जरी मागंपुढं झालं तरी नाव हिसका खाते आणि दूध सांडतं. कुणाचं चुकलं हे साहेब कधी सांगायचे नाहीत. चरवी सांगायची. सांडलं त्या दिवशी साहेब बिनदुधाचा चहा प्यायचे आणि आम्हालाही तोच मिळायचा. गोदामावशी म्हणायच्या, "तुमच्या शिकवणीपायी माझं निम्मं दूध कृष्णामाई पिती." पहिल्या महिन्यात आम्ही काळा चहा इतका प्यालो की मला अजूनही दुधाचा चहा समोर आला की काहीतरी जिंकल्यासारखं वाटतं.

दूध सांडायचं थांबलं आणि त्याच आठवड्यात पुण्याहून चौकशीला अधिकारी आले.

चावडीत बैठक बसली. अधिकारी मराठीच, अंगानं किरकोळ, कमी बोलणारे. पण चौकशी इंग्रजीतच व्हायची आणि साहेबांचं इंग्रजी कच्चं, म्हणून मला मधे बसवलं होतं, तिकडचं इकडं करायला. साहेबांना त्यांनी थोडं विचारून बाहेर बसायला सांगितलं आणि मग गावाकडं वळले. सरळ प्रश्न होता: हा माणूस कसा आहे?

इथं मला आपल्या लोकांबद्दल एक गोष्ट सांगायचीय. आपल्याला कुणाचा गौरव करायचा म्हटला की आपण हात आखडता घेत नाही. समोर कोण बसलंय, कशासाठी विचारतोय, हे बघत नाही. दादा पाटील उभे राहिले आणि साहेबांना वाचवायला म्हणून जे बोलले ते असं:

"लय मोठा माणूस हाय रावसाहेब. गावातलं एक पोरगं त्यांच्या शब्दाभायेर न्हाई. पहाटे शिट्टी वाजली की सगळी तरणी पोरं नदीवर हजर."

अधिकाऱ्यांनी मान खाली घालून लिहिलं. आमच्या भागात ती वर्षं कसली होती, हे सांगायला नको. चळवळीतली भूमिगत मंडळी नदी ओलांडून संस्थानाच्या हद्दीत जायची, पोलीस काठावर शोधत बसायचे. पहाटे शिट्टीवर जमणारी तरणी पोरं, आणि शिट्टी जर्मनाची! मी दादांच्या धोतराचा सोगा ओढला, तर दादांना वाटलं मी अजून बोला म्हणतोय.

"एका हुकमावर आठ जण," दादांनी पुढं चालवलं. "का म्हणून इचारत न्हाईत."

बापूमामांना राहवेना. "मागं वळून बघायची सुदीक परवानगी न्हाई," ते म्हणाले.

"आणि रात्रीचं कुठं जात न्हाईत हो," गोदामावशी दारातून म्हणाल्या. त्यांना वाटलं हे सगळ्यांत मोठं सर्टिफिकेट. "फकस्त पहाटे नदीपल्याड जाऊन येत्यात."

लेखणी चाललीच होती. शेवटी अधिकाऱ्यांनी ती खाली ठेवली आणि म्हणाले की ही पहाटेची कवायत उद्या मला बघायची आहे.

साहेबांना बाहेर जाऊन मी झालं ते सांगितलं. ते ऐकून घेऊन म्हणाले, "खरं तेच सांगितलं की," आणि मळ्याकडं निघाले; मी मागोमाग होतो. पण इंजिनाकडं वळताना त्यांनी खोलीच्या दारातल्या ट्रंकेकडं एकदा बघितलं, ते मी पाहिलं. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच मला ती ट्रंक निघायच्या तयारीतली वाटली.

तिन्हीसांजेला आम्ही सगळे बापूमामांच्या अंगणात जमलो. झालेली चूक आता सगळ्यांच्या लक्षात आली होती. दादा तर डोक्याला हात लावून बसले होते. मामांनी उपाय काढला. उद्या असं वल्हवायचं, ते म्हणाले, की बघणाऱ्यानं म्हणावं, ह्या पोरांना म्हशी वळता यायच्या नाहीत, हे काय सरकार उलथवणार!

"आणि साहेबास्नी?" कुणीतरी विचारलं.

"साहेबास्नी सांगितलं तर ते न्हाई म्हनत्याल. सांगायचंच न्हाई."

दुसऱ्या दिवशी घाटावर साहेब आणि अधिकारी शेजारी शेजारी उभे. दादा, गोदामावशी, अर्धं गाव मागं. शिट्टी झाली. आम्ही पलीकडं गेलो, दूध घेतलं, चरवी मधे ठेवली आणि परत निघालो. आणि मग आम्ही जे काही केलं त्याला वल्हवणं म्हणता येणार नाही. दोन नंबरचं वल्हं हवेत, पाच नंबरचं पाण्याखाली. मी मुद्दाम उशिरा ओढत होतो. बापूमामांनी सुकाणू असं धरलं होतं की नाव आधी बेडकासारखी उडाली आणि मग मधेच गोल फिरली. चरवीतलं दूध माझ्या पाठीवरून खाली. घाटावर पोरं खिदळायला लागली. आमचा डाव जमत होता. मी चोरून बघितलं तर अधिकाऱ्यांच्या तोंडावरही हसू आलेलं.

साहेबांच्या तोंडावर नव्हतं. पहिल्यांदा त्यांना कळेना काय चाललंय. मग त्यांचा चेहरा लाल झाला, ते घाटाच्या खालच्या पायरीवर आले आणि दोन्ही हात तोंडाशी धरून ओरडले:

"आरं मुडद्यांनो! वल्हं हाय का पळी? आमटी ढवळताय व्हय रं? मधू, झोपलास का मेलास? आणि बाप्या, तुझ्या तोंडात काय गुळाचा खडा हाय? हाक दे की!"

मधू म्हणजे मीच. हे मी लिहिण्याजोगं तेवढं लिहिलं. त्यापुढचं छापता येणार नाही. मोडक्या हाताच्या हंगामात बापूमामांनी जेवढं शिकवलं होतं तेवढं सगळं एका दमात बाहेर आलं, आणि तेही मामांच्याच चालीत. पुण्याच्या त्या अधिकाऱ्यांचा हात अर्ध्यावर थांबला होता, आणि ते वेबरसाहेबांकडं असं बघत होते जणू आत्ताच पहिल्यांदा दिसले.

साहेब वळले. आता त्यांचा आवाज खाली आला होता.

"रावसाहेब, हे माझं न्हाई. असं मी शिकवलेलं न्हाई."

"तुमच्यासाठीच करतायत ते," अधिकारी म्हणाले. "कळलं नाही का तुम्हाला?"

साहेबांनी आमच्याकडं बघितलं. त्यांना तेव्हा कळलं.

"मग लय वाईट केलं," ते म्हणाले. "मी ह्या नदीवर ऱ्हातोय का जातोय, ते तुमी ठरवा. पर जायचं असंल तर हे बघून पाठवू नगा. नीट बघा, आणि मग पाठवा."

आणि त्यांनी शिट्टी फुंकली. परत जा. चरवी भरून आणा.

आम्ही गेलो. पलीकडं चरवी काठोकाठ भरली आणि मामा फक्त म्हणाले, "आता साहेबाचं मानूस म्हणून वडा." मला पाठमोरं बसून घाट दिसत नव्हता. अधिकाऱ्यांचा चेहरा दिसत नव्हता. मान वळवून बघावं असं इतकं वाटत होतं की मानेला कळ लागली. पण जर्मनीतल्या त्या गड्याची गोष्ट मला माहीत होती. मी समोरच्या पाठीकडं बघत राहिलो. आठ वल्ह्यांचा एकच आवाज होत होता, मधे नुसती शांतता, परत एकच आवाज. नाव घाटाला लागली तेव्हा इतकी हळू लागली की मला कळलंच नाही. गोदामावशी खाली उतरल्या, चरवीत वाकून बघितलं आणि चरवी तशीच उचलून अधिकाऱ्यांच्या पुढं नेली. एक थेंब सांडलेला नव्हता.

अधिकाऱ्यांनी चरवीकडं बघितलं, मग पलीकडच्या काठाकडं.

"म्हणजे पहाटे पलीकडं जाता ते दुधासाठी?"

"मग कशापायी?" गोदामावशी म्हणाल्या. "काल त्येच तर सांगत हुते."

अधिकाऱ्यांनी साहेबांना विचारलं, "ह्या शिव्या कुठं शिकलात?" साहेबांनी बापूमामांकडं बोट केलं. "ह्याचा हात मोडला हुता तवा." अधिकारी म्हणाले, माझा जन्म पुण्यात गेला, मला इतक्या येत नाहीत. मग त्यांनी खरा प्रश्न इंग्रजीत विचारला, जर्मनीला परत जावंसं वाटत नाही का? मी भाषांतराला पुढं झालो होतो. साहेबांनी हातानं मला थांबवलं.

"तिकडं नदी हाय रावसाहेब," ते म्हणाले. "वडणारी मानसं न्हाईत."

त्या चरवीतल्या दुधाचा चहा झाला, अधिकाऱ्यांनी तो बशीत ओतून सावकाश प्यायला आणि ते निघून गेले. कुणाला काही बोलले नाहीत. त्यांनी वर काय लिहून पाठवलं ते आम्हाला आजपर्यंत माहीत नाही.

त्यानंतरचे महिने मी कधी विसरणार नाही. साताऱ्याची बरीच मंडळी गाडीत बसून मुंबईला बोटीवर गेली. साहेब त्यांना निरोप द्यायला गेले आणि संध्याकाळी परत आले तेव्हा गावात इतकी माणसं वेशीवर होती की त्यांना वाटलं काही बरंवाईट झालं. आम्ही नुसतं ते परत आलेत का ते बघायला उभे होतो. टपालवाला दिसला की गोदामावशी हातातलं काम टाकायच्या. दादा पाटील कुणाबद्दल चांगलं बोलायचं असलं की आधी घसा खाकरून इकडंतिकडं बघायला लागले.

आणि मग एका दुपारी कागद आला. साहेब इंजिनाखाली आडवे झाले होते, फक्त पाय बाहेर. मी इंग्रजी कागद मोठ्यानं वाचला आणि मराठीत सांगितलं: श्री. वेबर यांना हिंदुस्थानात राहायला हरकत नाही. पाय हलले नाहीत. मग आतून आवाज आला, "पुन्यांदा वाच." मी परत वाचला. "इंग्रजी नगं," आवाज आला, "मराठीतलंच." मी मराठीतलं आणखी एकदा सांगितलं. पलीकडं दादा मटकन बांधावर बसले, आणि त्यांना हसू येत होतं की रडू ते त्यांनाही कळत नव्हतं. गेले कित्येक महिने गावानं धरून ठेवलेला श्वास त्या दिवशी सुटला, असं मला वाटलं. त्या रात्री मी जेवढा गाढ झोपलो तेवढा त्यानंतर परीक्षेचा निकाल लागल्यावरही झोपलो नाही.

साहेब बाहेर आले, हात पुसले आणि खोलीत गेले. आम्ही मागोमाग. दारातल्या ट्रंकेसमोर ते उकिडवे बसले, दोराचं एक टोक बोटानं शोधलं आणि एकदाच ओढलं. बापूमामांना नखं दुखवून न सुटलेली ती गाठ सरळ सुटली. मामा तोंड उघडं टाकून बघत राहिले. साहेबांनी दोराचं वेटोळं केलं आणि त्यांच्या हातात दिलं.

"नावंला घे. तुझा दोर कुजलाय. आणि उद्या पहाटे सगळे नदीवर. त्या दिवशी मुद्दाम चुकलात, ते हात अजून चुकत्यात."

तेव्हापासून आमची नाव घाटाला त्याच दोरानं बांधलेली असते. ट्रंक आता गोदामावशींच्या घरात आहे, त्यात ज्वारी असते. साहेबांनी ती गाठ आपल्या मंडळातल्या प्रत्येकाला शिकवलीय, बापूमामांना सगळ्यांत आधी.

साहेबांच्या इतर गुणांबद्दल या ग्रंथात माझ्यापेक्षा जाणती माणसं लिहितीलच. त्यांना मी एकच सांगेन, गौरव जरूर करा, पण जरा जपून, समोर कोण लिहून घेतंय ते बघून. मी स्वतः शक्य तेवढं जपून लिहिलंय.

साहेब, तुमची साठी आली तरी तुमची शिट्टी अजून पलीकडच्या मळ्यात ऐकू जाते. ती अशीच जात राहो. तुमचं अंग धडधाकट राहो, आणि मुडद्यांनो म्हणून हाक मारायला आवाज खणखणीत राहो. सांगलीच्या शर्यतीत आम्ही आत्तापर्यंत दुसरे आलोय, तिसरे आलोय, एकदा तर नाव उलटून पोहत आलोय, पण पहिले कधी आलो नाही. आमचा पहिला नंबर येईपर्यंत नदी सोडणार नाही, असं तुम्ही सगळ्यांसमोर बोललायत.

त्यामुळं साहेब, आम्हाला काही घाई नाही.